बसऱ्याला गेले, परत आले नाहीत

पत्र पहिलं

*स. न. वि. वि. आमच्या देव्हाऱ्यात बशीएवढी एक पितळी चकती आहे. तिच्यावर एक बाई उभी आहे आणि शेजारी सिंह. आजेसासूबाई तिला 'सिंहवाली आई' म्हणायच्या, रोज हळदकुंकू वाहायच्या. घराच्या रंगकामाला देव्हारा हलवला तेव्हा मुलाने चकती पुसली, तर कडेने इंग्रजी अक्षरं आणि आत मामंजींच्या आजोबांचं नाव निघालं! ते पलटणीत होते, 'बसऱ्याला गेले आणि कैदेत वारले' एवढंच घरात सांगतात. एक चांदीचं पदकही आहे, त्याच्या कडेवर नावापुढे ११० आणि मराठा असं वाचता येतं. मुलगा दिल्लीला गेला तेव्हा त्याने इंडिया गेटवर नाव शोधलं, मिळालं नाही. त्यांच्या बायकोने म्हणे लढाई संपल्यावरही बरेच दिवस कुंकू पुसलं नव्हतं. श्राद्ध आम्ही सर्वपित्रीला घालतो. आता नवे भटजी म्हणतात, लढाईत गेलेल्याचं घायाळ चतुर्दशीला घालायला हवं. खरं काय? आणि त्या देवीचं काय करू? ती देवी नाहीच म्हटल्यावर देव्हाऱ्यात ठेवावी का?*
*– एक नातसून, खटाव तालुका*

ताई, तुमचं पत्र आलं त्या दिवशी बाकीचा गठ्ठा मी तसाच बाजूला ठेवला. माझी सगळी नोकरी माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या कागदांत गेली. बसऱ्याला गेले आणि आले नाहीत, हे वाक्य साताऱ्यात, रत्नागिरीत, कोल्हापुराकडे किती घरांत ऐकलं त्याची गणती नाही. त्यापुढचं मात्र कुणालाच माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती चकती. ती पितळेची नाही, कांस्याची आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने अशी एकेक पाठवली, सगळ्या साम्राज्यात मिळून तेरा लाखांहून जास्त. त्यावरची बाई म्हणजे ब्रिटानिया, हातात पानांचं कडं धरलेली. नीट बघितलंत तर दोन डॉल्फिन मासेही दिसतील, आणि अगदी खाली छोटा सिंह गरुडाला लोळवतोय, तो गरुड म्हणजे जर्मनी. कडेच्या अक्षरांचा अर्थ, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते खटावच्या माणसाने विचारायचं नव्हतं. एक गोष्ट मात्र त्या चकतीची मला आवडते. तिच्यावर हुद्दा नसतो. कर्नल असो की शिपाई, नुसतं नाव.

आता ११०. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मामंजींचे आजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ही पलटण सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमधली. त्याच डिव्हिजनमध्ये १०३ वी आणि ११७ वी या आणखी दोन मराठा पलटणी होत्या, शिवाय खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे खंदक-पूल बांधणारे शिपाई. जनरल टाउनशेंड हा त्यांचा सेनापती. १९१५ च्या नोव्हेंबरात आजच्या इराकमध्ये, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला, जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कांशी मोठी लढाई झाली, फार माणसं पडली, आणि उरलेली फौज मागे हटत टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत अल अमारा या गावात येऊन बसली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची हजारो माणसं गेली, पण ती कुतपर्यंत पोचली नाही.

आत काय चाललं होतं ते तुमच्या मुलाला नक्की सांगा. धान्य संपत आलं तशी घोडे आणि खेचरं मारून खायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या शिपायांनी नाही. हुकूम निघाले, हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी बहुतेक जण एप्रिलपर्यंत अडून राहिले. लोक याला आज अडाणीपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. घोडं खाल्लं हे गावात कळलं तर भावकी पंगतीला बसवणार नाही, पोरीबाळींची लग्नं अडतील, ही भीती त्यांना बंदुकीपेक्षा जवळची होती. मांस नाही, भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही आपल्याच लोकांना जास्त झाला. मग ते खंदकाच्या आसपासचा पाला खुडून शिजवायला लागले. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या रानभाज्या ओळखणारी माणसं ती, पण माती परकी. काही पाला विषारी निघाला. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, दळायला जात्याच्या तळ्यासुद्धा टाकल्या. पाडवा वेढ्यातच गेला. चैत्र सरत आला तेव्हा, २९ एप्रिल १९१६ रोजी, कुत पडलं. बाजारबुणग्यांसकट तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली आणि त्यातली बहुसंख्य हिंदी होती.

तुमच्या घरात 'कैदेत वारले' म्हणतात ते इथून पुढचं आहे.

उपाशी, आजारी माणसांना आधी नदीच्या वरच्या अंगाला शुमरानला चालवत नेलं. तिथे दगडासारखी बिस्किटं मिळाली. रिकाम्या पोटांना ती सोसली नाहीत, तिथेच पुष्कळ गेले. पुढे बगदाद. बगदादहून समारापर्यंत आगगाडी, आणि समाऱ्यापासून पुन्हा पायी, तिक्रित, मोसुल, नुसैबिन करत रास अल ऐनपर्यंत, मे-जूनच्या वाळवंटात. बूट आणि कपडे वाटेत भाकरीच्या तुकड्यासाठी विकले किंवा पहाऱ्यावरच्यांनी काढून घेतले. मागे पडला तो गेला. रास अल ऐन हे आज सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवर आहे. जर्मन इंजिनिअर बांधत असलेली बगदाद रेल्वे तेव्हा तिथपर्यंत आली होती. हिंदी कैद्यांपैकी बऱ्याच जणांना त्या रुळांच्या कामावर लावलं. त्याच गावाच्या आसपास त्याच वर्षी हाकलून आणलेल्या आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, आणि आपल्या माणसांनी ते बघितलं. जे परत आले ते गावात फारसं का बोलले नाहीत, याचं एक कारण मला तिथे दिसतं.

कैदेतल्या गोऱ्या शिपायांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त मेले. हिंदी कैद्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा, किंवा थोडे अधिक. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, नोकरचाकरांसकट, आणि कैदेत असतानाच 'सर' झाले. हे लिहिताना माझा हात दर वेळी थोडा जड होतो.

आता नाव कुठे आहे. इंडिया गेट हे त्या युद्धातल्या सत्तर हजारांहून अधिक हिंदी मृतांचं स्मारक असलं, तरी त्यावर कोरलेली नावं तेरा हजारांच्या आसपासच आहेत, मुख्यत्वे वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांचं स्मारक वेगळं, ते तिथेच आहे. ज्यांच्या कबरी किंवा दहनाच्या जागा ठाऊक नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याजवळ माकिलच्या गोदीत ते उभं केलं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते उचलून शहरापासून बत्तीस किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवलं. पण तिथे गेलात तरी भिंतीवर तुमच्या आजोबांचं नाव नाही. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या सुभेदार-जमादारांची कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा घातला. अमुक पलटण, आणखी इतके. ही वागणूक चुकीची होती असं त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य केलं. शंभर वर्षं लागली.

नावं वह्यांमध्ये होती, ती आता कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मुलाला बसवा. आडनावाने शोधू नका, हाती काही लागणार नाही. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं, कित्येकदा फक्त नाव आणि बापाचं नाव. पदकावरचे नंबर आणि नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या, स्मारक बसरा निवडा, पलटण ११० मराठा निवडा, आणि यादी उघडून गावाचं नाव बघत खाली या. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, सातारा, बॉम्बे असं दिलेलं असतं. गावाचं स्पेलिंगही विचित्र असणार, तेव्हा मोठ्याने वाचून बघा. मरणाची तारीख मे १९१६ नंतरची असली तर कैदेची शक्यता मोठी, पण त्यावर डोळे झाकून जाऊ नका. वेढ्याबाहेर राहिलेले आणि नव्याने भरती झालेले याच पलटणींचे लोक तिकडे बसऱ्याच्या बाजूने लढत होते. आणि कैदेतल्या मरणाची तारीख मागाहून अंदाजाने घातलेली असू शकते. तुमच्या घरातली 'कैदेत' ही आठवण मला कागदाइतकीच भरवशाची वाटते, कारण ती कुणीतरी परत आलेल्याने येऊन सांगितल्याशिवाय खटावात पोचलीच नसती.

कुंकवाचं तेच. युद्ध ऑक्टोबर १९१८ अखेर तुर्कांपुरतं थांबलं, कैदी त्यानंतर सुटून आले. घरची बाई काय करणार? सरकारी कागदावर बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. गावात कुणी सोबती परत येऊन डोळ्यांनी बघितल्याचं सांगेपर्यंत ती थांबली. मामंजींना विचारा, घरात पालाशविधी झाल्याचं कुणी बोलायचं का? माणूस परागंदा झाला, देह मिळाला नाही, की बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. साताऱ्याकडच्या काही घरांत बसऱ्यावाल्यांसाठी तो झाल्याचं मी ऐकलं आहे.

तिथीचं म्हणाल, तर मी भटजी नव्हे. पण भाद्रपदातली घायाळ चतुर्दशी शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची. तुमचे आजोबा बहुधा भुकेने, हगवणीने, उन्हाने गेले, तेही केव्हा ते ठाऊक नाही. तिथी ठाऊक नसलेल्यासाठीच सर्वपित्री आहे. शिवाय तो दिवस त्यांच्या बायकोने निवडलेला असणार. तिच्याहून त्यांच्या मरणाचा विचार जास्त कुणी केलेला नाही, नव्या भटजींनीही नाही. अमावास्याच राहू द्या. मुलाला तारीखच हवी असेल तर २९ एप्रिलला काय ते करा, त्याला पंचांग लागत नाही.

आणि देवी. तुमच्या आजेसासूबाईंना ती सिंहवाली आई दिसली, ते सिंहामुळे. पण ज्या बाईने ती पहिल्यांदा देव्हाऱ्यात ठेवली तिला आपण काय ठेवतोय ते पक्कं माहीत असणार. नवऱ्याच्या नावाचं टपाल तिच्याच हातात पडलं होतं. आपल्या देव्हाऱ्यांत कुलदैवतांबरोबर पूर्वजांचे टाक असतात, लढाईत पडलेल्याचा वीराचा टाक असतो. चांदीचा टाक घडवायला तिच्याकडे पैसे नसतील, आणि सरकारने धातूची घडीव मूर्ती आयती पाठवली. माझी समजूत अशी की तिने नवऱ्याचा टाक बसवला, आणि दोन पिढ्यांत त्याची आई झाली. तेव्हा हलवू नका. फक्त चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, अक्षरं झिजतात. मऊ सुती फडक्याने कोरडं पुसा, कुंकू कोरडंच वाहा.

पत्र दुसरं

*मॅडम, राग मानू नका. ही माणसं इंग्रजांची पगारी शिपाई होती. दुसऱ्याचा देश जिंकायला गेली आणि तिथे मेली. यांना हुतात्मा म्हणून मिरवण्यात काय अर्थ आहे?*
*– एक विद्यार्थी, पुणे*

राग कसला! हुतात्मा म्हणू नका, मीही म्हणत नाही. त्या काळी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. खटाव-माणच्या बिनपावसाच्या चार एकरांत पाच भाऊ वाटणी करून बसले की एकाने पलटणीत जायचं, हा घराचा हिशेब होता. देशाचा नव्हता. बसरा कुठल्या दिशेला तेही त्यांना बोटीत बसल्यावर कळलं.

पण एक लक्षात घ्या. त्या वेळी तुमच्या-माझ्या पूज्य माणसांनीही भरतीला सरसकट नाही म्हटलेलं नव्हतं. मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी सरकारला युद्धात मदत करावी असंच सांगितलं, बदल्यात स्वराज्याचे हक्क मागितले. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हक्कांचं बोलायला लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं आणि ते उठून गेले. गांधीजी त्याच वर्षी खेड्यापाड्यांत फिरून शिपाई गोळा करत होते. पुढाऱ्यांचा तो डाव होता आणि तो फसला. आपण पुढाऱ्यांना माफ केलं. रास अल ऐनला रूळ टाकता टाकता मेलेल्या अकरा रुपयेवाल्याकडूनच तेवढा जाब का मागायचा?

आणि आठवण ठेवणं म्हणजे मिरवणं नव्हे. तो कुठे, कसा, कुणाच्या निर्णयामुळे मेला हे नीट माहीत करून घेतलंत, तर इंग्रजांवरची तुमची टीका जास्त धारदार होईल. टेसिफॉनला जायचा निर्णय बघा. रसद अपुरी, बोटी अपुऱ्या, दवाखाने नावाला, आणि तरी बगदादच्या लोभाने पुढे ढकललं. १९१७ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगाने या मोहिमेवर कडक ताशेरे ओढले, आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. घोषणा द्यायच्या आधी ते वाचा.

पत्र तिसरं

*आमच्या पणजोबांचंही एक पदक घरात आहे, पण ते चांदीचं नाही, तांबूस आहे. ते कुतच्या वेढ्यात खेचरं हाकायला होते आणि तिकडेच गेले. गावातले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, लढणाऱ्याला चांदी, हे बिगारी, यांचं नाव कुठे नसणार. खरं आहे का?*
*– एक वाचक, जावळी*

अर्धं खरं आहे. त्या युद्धाचं तेच पदक, राजाचा मुखवटा आणि मागे घोडेस्वार, शिपायाला चांदीत दिलं आणि भिस्ती, मेहतर, धोबी, खेचरवाले, डोलीवाले यांना कांस्यात. म्हणजे मेल्यावरही पंगत वेगळी. पण सुभेदारसाहेबांचा 'बिगारी' हा शब्द मी त्यांना परत करते. कुतमध्ये असे साडेतीन हजारांच्या आसपास लोक होते. गोळीबार चालू असताना नदीवरून पाणी भरणारा भिस्ती, जखमी उचलणारा डोलीवाला, आणि पोटच्या पोरासारखी जपलेली खेचरं एकामागून एक कसायाकडे देणारा खेचरवाला. वेढ्यातली सगळ्यात कठीण कामगिरी यांच्यातल्याच कुणाची होती असं माझं मत आहे. कैदेत त्यांना हुद्द्याचं संरक्षणही नव्हतं.

त्या काळी महारांना पलटणीत शिपाई म्हणून घेत नव्हते, ती भरती १८९० च्या दशकापासून बंद होती. १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, कुत पडल्यावर, आणि युद्ध संपल्यावर तीही मोडली. म्हणून कित्येक घरांतली माणसं अशा बिनहत्यारी कामांवरच गेली. तुमचं घर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही आणि मीही विचारत नाही.

नाव असू शकतं. कमिशनच्या नोंदींत लढणाऱ्यांबरोबर असे सेवकही आहेत, पण पलटणीच्या नावाखाली नाही, खेचर तुकड्या किंवा रसद-वाहतूक खात्याखाली बघा. पदकाच्या कडेवर कामाचं नाव आणि तुकडी असते, भिंग आणि तिरका उजेड घेऊन वाचा. वाचता आलं नाही तर कडेचे चारही बाजूंनी फोटो काढून पाठवा. पदक पाठवू नका. टपालात एकाचं हरवलेलं मला माहीत आहे, ते परत मिळालेलं नाही.

पत्र चौथं

*आमच्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईत या गावातून ३१ माणसं गेली, त्यांपैकी ४ कामास आली, असं लिहिलंय. नावं नाहीत. शाळेची दुरुस्ती निघाली आहे, ठेकेदार पाटी काढू म्हणतो.*
*– एक शिक्षिका, दापोली तालुका*

काढू देऊ नका. अशा पाट्या सरकारने त्या वेळी गावोगाव बसवल्या, चावडीत, शाळेत, देवळाच्या आवारात. मुख्याध्यापकांकडून ठेकेदाराला लेखी द्या, आणि काढावीच लागली तर कोरून सबंध काढायची, पुन्हा त्याच भिंतीत बसवायची. अक्षरांत ऑइलपेंट भरू नये, चुना चढला असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश.

कामास आलेल्या, म्हणजे मेलेल्या, त्या चार जणांची नावं शोधायचं काम सातवी-आठवीच्या मुलांना द्या. पहिल्या पत्रात लिहिलेली रीत त्यांना जमेल, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी घालून. मग घरोघर पाठवा आणि पदकं बघायला सांगा. नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या बायकांची माहेरची घरंही सोडू नका, पुष्कळदा वस्तू तिकडे गेलेली असते. चारही नावं मिळाली की पाटीखाली दुसरी पाटी लावा, साध्या कडाप्प्याची चालेल, आणि नावं गावात जशी उच्चारतात तशी देवनागरीत लिहा. तीनच मिळाली तर तीन लिहा आणि चौथ्यासाठी जागा सोडा.